आब्सालोनची जीप झोपत नव्हती

दुरान गावात मोटारींचं वायरिंग करणारा विल्फ्रिदो आन्चुन्दिया म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. कुणाच्या गाडीत कुणाचं कानातलं सापडलं, हे गल्लीला त्याच्याकडूनच कळायचं. पण त्या सकाळी आब्सालोनची नवीकोरी जीप दोरीनं ओढत दारात आली आणि त्याची वाचाच बसली. सगळे दुकानदार ज्याला मुकाट्यानं हप्ता देत, तो हा आब्सालोन. त्याच्या बायकोनं, बेत्साबेनं, याच जीपमध्ये विल्फ्रिदोकडून एक डबी लपवून बसवून घेतली होती. गाडी कुठं आहे ते तिला फोनवर दिसायचं. नवरा घराकडे वळला की तिच्याकडं चोरून येणाऱ्या औषधवाल्या पाहुण्याला मागच्या दारानं निघता यावं, एवढंच!

"रोज सकाळी बॅटरी मेलेली," आब्सालोन स्टूल ओढत म्हणाला. "काहीतरी रक्त पितंय, उस्ताद. शोध. मी बसलोय."

विल्फ्रिदोनं बॅटरीतून किती वीज जाते ते दाखवणारा मीटर जोडला आणि उघड्या दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं. "आता हिला झोपू द्यायचं, मालक. जागेपणी काही कळत नाही." डबी सापडू नये म्हणून मनातल्या मनात तो आठवेल त्या संताला मेणबत्त्यांचा नवस बोलत होता.

गाडी झोपेना. आकडा उतरेना.

"मालक, रात्री किल्ली कुठं असते?"

"उशाशी, खिडकीत. गाडी खिडकीखालीच. पळायची वेळ आली तर?"

"मग कशी झोपेल ती? किल्ली जवळ असली की मालक आला समजून रात्रभर जागी राहते बिचारी!"

आब्सालोननं खिशातली किल्ली समोरच्या खानावळीत नेऊन ठेवली. आकडा झरझर उतरला. विल्फ्रिदोला हायसं वाटतंय तोच आकडा टुणकन उडाला, बसला, थोड्या वेळानं पुन्हा उडाला.

"हे काय?"

"गाडी कुठं आहे ते फोनवर कळायला, चोराच्या भीतीनं बसवतात ना, ते," विल्फ्रिदो बोलून गेला.

"माझी गाडी चोरायची छाती कुणाची आहे रे?" आब्सालोननं डॅशबोर्डखाली हात घातला. "कुणी बसवून घेतलं?"

"सेन्योरांनी, म्हणजे बाईसाहेबांनी," विल्फ्रिदोच्या तोंडून निसटलं. "तुमची काळजी वाटते त्यांना."

"फार काळजी!" आब्सालोन हसला. "राहू दे ती डबी तशीच. गाडी तुझ्याकडंच आहे असं दिसू दे तिला. मी टॅक्सीनं घरी जाऊन येतो. तुझा फोन दे इकडं. आणि डबी बंद पडली, तर कुणी पाडली ते मला विचारावं लागणार नाही."

टॅक्सी वळली. तार तुटली की डबी मरता मरता बाईच्या फोनवर ओरडते, हे बसवणाऱ्याला ठाऊक होतं. पक्कड उचलून त्यानं तार तोडली, आणि दुकान तसंच उघडं टाकून मागच्या गल्लीनं पळत सुटला.