खालानं मारलेली हाक

मी बोरी सोडली त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले होते. माझे वडील तसे बोलके, पण परभणीची गाडी लागेपर्यंत नुसती माझी बॅग धरून उभे होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "माय, गेल्या गेल्या शेजार जोड. नातलग लांब असतेत."

हॅनोव्हरला येऊन आता एकोणीस वर्षं झाली. शेजार जोडायला दोन वर्षं लागली, कारण जर्मनीत शेजाऱ्याकडे जायलाही अपॉइंटमेंट लागते. वरच्या मजल्यावरची, आज नव्वदीची असलेली बाई शेवटी जोडली गेली. एकदा केक कापता कापता तिनं लहानपणी पाहिलेली, बॉम्बनं पेटलेली गल्ली मला सांगितली. जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली. परक्या बाईचं युद्ध मला ठाऊक, आणि निजामाच्या राज्याचा शेवट पाहिलेल्या बापाला मी कधी धड विचारलंच नव्हतं.

गोष्ट तशी पाठ होती. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांनाही पाठ आहे. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, अण्णा शाळेत तीच सांगतात: रझाकारांच्या भीतीनं घरदार हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलं, पोलीस अॅक्शननंतर परत आलं, तर जमिनीखालच्या पेवातली ज्वारी जशीच्या तशी! "देवाची कृपा," म्हणतात, आणि टाळ्या पडतात. यंदा शाळेतल्या गुरुजींनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून मागितल्या, म्हणून मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांना बोलतं करू लागले.

चौथ्या रविवारी ते ज्वारीपाशी येऊन थांबले.

"देवाची न्हाई, माय. खालाची कृपा. बोळापल्याडची आमची शेजारीण. आमी गेलो तवा तिनं पेवाच्या तोंडावर आपली चूल मांडली. पेटत्या चुलीखाली कोण खणतंय?" मग पाणी प्यायले. "आमी परत आलो अन् वारं फिरलं. आता मुसलमानांची घरं लुटायलेत म्हणून ती दिवेलागणीला लेकरं घेऊन दारात आली. बापानं अडसर घातला. तिनं माझ्या नावानं हाक मारली. 'बबन, दरवाजा खोल रे बेटा.' मी दहा वर्सांचा, दाराला चिकटून उभा. न्हाई काढला अडसर."

खाला निघून गेली. कुठं गेली, ते कुणालाच कधी कळलं नाही.

हे कानावर गेलं तसे काका भडकले. "मेलेल्या बापाची अब्रू वेशीवर टांगायलीस का? काढून टाक ते!" आणि मी काढलं. एडिटिंगला दोन मिनिटं लागली. आजोबांचं नाव, पोरांसमोर अण्णांची मान, अशी कारणं मी स्वतःला भराभर दिली आणि फाइल गुरुजींना पाठवून मोकळी झाले.

अण्णांनी ती ऐकली. ओरडले नाहीत. "खाला कुठं हाय?" एवढंच विचारलं.

"माय, बापानं एकदा तिला भाईर ठेवलं. आता तू ठेवलीस."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. लहानपणीही ते मला कधी असं बोलले नव्हते. मग बसले आणि पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा पाठवलं, सोबत गुरुजींना चिठ्ठी, की हेच वाजवा.

सतरा सप्टेंबरला शाळेत ते वाजलं. टाळ्या पडल्या नाहीत, म्हणे. काका अजून माझा फोन घेत नाहीत. अण्णा मात्र घरी येऊन दोन भाकरी जेवले आणि झोपले.

इथं लोक विचारतात, घराचं काय आठवतं? पूर्वी मी चिंचेची झाडं आणि हुरडा सांगायची आणि समाधानानं आपल्या कामाला लागायची. एवढ्या लांबूनही तेवढं पुरत होतं. आता त्या घराची लाजही माझ्या वाट्याला आली आहे, ती लांबून निभत नाही, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला तिथं जाऊन राहावंसं वाटतंय.