ज्यानी गोट, त्याना कान

पारोळ्याच्या आठवडे बाजारात दगडूनाना आपली पुस्तकं विकायला बसत ते हटकून मिरचीवाल्याच्या शेजारी. गोणपाट पसरायचं, त्यावर पिवळ्या कव्हराची पातळशी पुस्तकं मांडायची आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवायचा. कोणी विचारलं, की नाना, बसायला दुसरी जागा मिळाली नाही का, तर म्हणायचे, “आठे माणूस शिंकस, डोया पुसस, म्हनीसन घडीभर थांबस. थांबना म्हंजे पुस्तक दखास.” दिवसभरात दोन-तीन प्रती खपत. नाना स्वतःही दिवसभर शिंकत आणि लाल डोळ्यांनी, मोठ्या समाधानाने घरी जात.

नाना एसटीत कंडक्टर होते. धुळे-पारोळा-अमळनेर ही त्यांची वाट, आणि त्या वाटेवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांना बोलतं करणं हा त्यांचा खरा धंदा. तिकिटाला छिद्र पाडता पाडता ते असं काही विचारत, की समोरचा आपलं स्टॉप विसरून सांगत बसे. ऐंशीच्या दशकात त्यांची चार पुस्तकं निघाली. सगळी आमच्या धुळ्याच्या छापखान्यात. छापखाना कसला, लग्नपत्रिका, बाजार समितीची पावतीपुस्तकं आणि सर्कशीची हँडबिलं छापणारं एक खडखडतं ट्रेडल मशीन. आप्पा, म्हणजे माझे वडील, ते चालवत आणि मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची, प्रुफं वाचायची. नाना मला ‘माय’ म्हणत. मी तेव्हा नुकतंच कॉलेज संपवलं होतं, आणि आपल्याला साहित्य कळतं असा माझा दाट समज होता.

पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांना कळवलं होतं, की लेखन बरं आहे, पण यातलं बोलणं कोणाला समजणार? नानांना राग आला नाही. “पुनावालास्नी पुनानं वाचावं,” ते म्हणाले, “मना गावले मना गावनं पाह्यजे.” आणि आप्पांसमोर कागदांचं भेंडोळं ठेवून दिलं.

आप्पा मात्र त्यांच्यावर चिडत, आणि तेही रास्तच होतं. कारण नानांचा एक नियम होता. ‘ज्यानी गोट, त्याना कान पहिले.’ ज्या माणसावर लिहिलं, त्याला ते छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने “ऱ्हाऊ दे” म्हटलं, तर राहील. “काढी टाक” म्हटलं, तर निघेल. तेही हस्तलिखित नव्हे. प्रूफ हातात आल्यावर, छापल्या अक्षरातलं. त्याशिवाय माणसाला आपलं काय होतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी दोन दिवस खपून जुळवलेली पानं नाना एका शब्दावर मोडायला लावत, आणि सुटे खिळे परत खणाखणात टाकताना आप्पा जे काही पुटपुटत ते छापण्याजोगं नसे.

बोदवडच्या स्टेशनवरच्या एका म्हाताऱ्या हमालावर त्यांनी लिहिलं होतं. त्याला ऐकू कमी. नाना गाडीने बोदवडला गेले आणि त्याच्या कानाशी ओरडून सगळं प्रकरण वाचलं. अख्ख्या फलाटाने ऐकलं. हमाल ओझ्यावर बसून माना डोलवत होता. बायको माहेरी निघून गेली तेव्हा हा तिच्या लुगड्याची घडी उशाला घेऊन झोपायचा, तेवढंच काढी टाक, असं तो म्हणाला. नानांनी परत येऊन तो भाग काढायला सांगितला तेव्हा मी जवळजवळ भांडलेच. “नाना, पुस्तकात तोच तर भाग चांगला होता!”

“चांगला व्हता,” नाना म्हणाले. “पन तो त्याना व्हता, मना नही.”

हा नियम कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. बाहेर मशीन थांबलं होतं, आप्पा जेवायला गेले होते. आमच्याकडे यायच्या आधी नानांनी एक पुस्तक दुसरीकडे छापून घेतलं होतं. त्यात त्यांच्या बहिणीच्या मरणाचं प्रकरण होतं. सुंदर तिचं नाव. नाना तेव्हा अगदी लहान, त्यांना ती आठवतही नव्हती धड. तिला ताप चढला म्हणून थोरल्या भावाला, भिकाला, पारोळ्याला डॉक्टरकडे पिटाळलं. तो औषधाची बाटली घेऊन परतला तोवर सगळं आटोपलेलं. आणि त्याच दिवशी वाटेवरच्या गावी जत्रा होती. तिथे दुपारच्या खेळाला गेलेल्या गावकऱ्यांनी येऊन सांगितलं, की हा पोरगा तमाशाच्या कनातीत उभा होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला. भिकाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गावात ते बोलणं अर्धवट विरलं, अर्धवट राहिलं. नानांनी ते जसं ऐकलं तसं लिहिलं. छान लिहिलं असणार, कारण शाळेच्या हेडमास्तरांनी प्रजासत्ताक दिनाला तेच प्रकरण झेंड्याखाली उभं राहून वाचून दाखवलं. भिकाआबा आपल्या सुना-नातवंडांत बसले होते. ते उठले, धोतर झटकलं आणि घरी गेले. त्यानंतर ते धाकट्या भावाशी एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. भाऊ वेगळे निघाले तरी थोरल्याकडे जमून ती भरली जाते. त्या वर्षापासून त्या घरात एका आईबापाच्या दोन घागरी भरू लागल्या. नानांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. ते आपली घागर एकटेच भरत आणि एकटेच सांजोरी खात. हे सांगताना ते हसले, पण मला त्या दिवशी पुढे काम करवलं नाही.

मग ढोलकीवाला भेटला. तमाशाच्या फडातला एक थकलेला कलावंत पारोळ्याच्या गाडीत मांडीवर ढोलकी घेऊन बसला होता. नानांनी नेहमीची थट्टा केली, की ढोलकीचं अर्धं तिकीट काढा. बोलता बोलता गावाचं नाव निघालं आणि म्हातारा म्हणाला, त्या भागातल्या एका जत्रेत मी पोरसवदा असताना वाजवत होतो. एक मुलगा खेळ चालू असताना कनातीत घुसला आणि पुढे बसलेल्या पारोळ्याच्या डॉक्टरचे पाय धरून रडायला लागला. डॉक्टर म्हणे, वग संपू दे. पोरगं उभं राहिलं. वग संपल्यावर डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली, की दवाखान्यातून बाटली घेऊन जा. मी वाजवत होतो, म्हातारा म्हणाला, पण हात चुकत होते. नाना सांगत, “मी तिकिट देवानं भुली गऊ, माय. गाडी कोठे थांबनी, कोन उतरनं, काहीच समजनं नही.”

त्या दिवसापासून नानांना एकच ध्यास लागला. भावाचं ते प्रकरण नव्याने, खरंखरं लिहायचं, आणि आधी त्याला वाचून दाखवायचं. लिहून तर त्यांनी आठवड्यात आणलं. आमच्याकडच्या पाचव्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण. मी जुळवलं, प्रूफ काढलं. पण कान द्यायला भिकाआबा तयार होईनात. मध्यस्थ पाठवले, त्यांना आबा म्हणाले, “एकदाव लिखं ना त्यानी? पुरे शे.” मग नाना स्वतः प्रूफ घेऊन त्यांच्या मळ्यात गेले आणि विहिरीच्या काठाशी उभे राहून मोठ्याने वाचू लागले. आबांनी शांतपणे जाऊन पाण्याचं डिझेल इंजिन चालू केलं. पिकाला त्या दिवशी पाण्याची गरजही नव्हती. नाना धडधडाटात दोन पानं वाचत राहिले आणि मग कागद घडी करून परत आले.

“नाना, न वाचता छापू या की,” मी म्हटलं. “चांगलंच लिहिलंय ना तुम्ही त्यांच्याबद्दल?”

“वाईट लिखं तव्हय इचारं नही,” ते म्हणाले. “आते चांगलं लिखं म्हनीसन बी इचारू नको का?”

पुस्तक तसंच थांबलं. बाकीच्या पानांचे फर्मे छापून झाले होते, शेवटच्या प्रकरणाची जुळवलेली पानं दोऱ्याने बांधून पत्र्याच्या गॅलीवर पडून होती. लग्नसराई आली, खिळे कमी पडायला लागले. मला वाटलं आता आप्पा ती पानं मोडतील. आप्पांनी पत्रिका दुसऱ्या टायपात लावल्या आणि त्या गॅलीवर वर्तमानपत्र झाकून ठेवलं. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाले.

त्यानंतर नानांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं मिरचीचा खकाणा. नाना म्हणाले, बिडी. धुळ्याला दवाखान्यात दाखवलं तेव्हा घशात गाठ निघाली, बरीच वाढलेली. ऑपरेशन झालं आणि ज्या आवाजाने बोदवडचा फलाट ऐकता केला होता तो कायमचा गेला. मी डबा घेऊन जायची. ते पाटीवर पेन्सिलीने लिहीत. पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘आता दादाला कोण वाचून दाखवेल?’ मी डब्याचं झाकण उघडत बसले.

भिकाआबांचा मुलगा बापाच्या नकळत काकाला भेटायला येत असे. काकाचा आवाज गेल्याचं त्यानेच घरी जाऊन सांगितलं असावं. एका सकाळी मी वॉर्डात शिरले तर नानांच्या खाटेपाशी एक उंच म्हातारा उकिडवा बसला होता. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “छापखानानी पोर ना तू? त्यानं लिखेल शे ते वाच.”

प्रूफ नानांच्या उशाखालीच होतं. मी वाचू लागले. आयुष्यात मी पुष्कळ प्रुफं वाचली, पण एवढं भीत भीत कधी नाही. नाना डोळे मिटून होते आणि माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. धावणारा मुलगा, डॉक्टरची रिकामी खुर्ची, कनात, डॉक्टरचे पाय, वग संपेपर्यंतचं ते उभं राहणं. शेवटी मुलगा बाटली छातीशी धरून गावात शिरतो, तिथे प्रकरण संपत होतं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही ऐकत होते. मी कागद खाली ठेवले.

आबांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, “हाई खरं शे. डाक्टरना पाय धरात मी. पन हाई अर्धंच शे.” त्यांनी पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. “मी तठे उभा व्हतू ना, तव्हय सोंगाड्या उताना पडना. आन् मी हासनू. एकदाव हासनू, दगडू. बहीन घर मरी ऱ्हायनी व्हती, आन् मी हासनू. गाव म्हने, तमाशा दखत व्हता. दखतच व्हतू ना मी! काय सांगतू मी गावले?”

नानांनी हात पुढे केला, तो आबांनी घेतला नाही. ते म्हणाले, “अर्धं नको, बठ्ठं लिख. नही ते काढी टाक.”

नानांनी माझ्याकडून प्रूफ मागून घेतलं. कनातीतल्या त्या परिच्छेदाच्या समासात त्यांनी हळूहळू दोन वाक्यं लिहिली आणि कागद माझ्यापुढे केला. बोटाने भावाकडे खूण केली, त्याला वाच. नियम तो नियम. मी वाचलं, ‘सोंगाड्या पडला तेव्हा दादा एकदा हसला. दादा बारा वर्षांचा होता.’

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडाला लावली. त्यांचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. मग टोपीआडूनच आवाज आला, “ऱ्हाऊ दे.”

ही दोन वाक्यं नानांनी लिहिलेली शेवटची. त्यानंतर ते फार दिवस काढू शकले नाहीत. पाटीही नको म्हणायचे. आबा रोज येऊन खाटेपाशी बसत, आणि एक मुका, दुसरा अबोल, अशी त्यांची बैठक चाले. जाण्याच्या आदल्या दिवशी नाना झोपेत हसल्यासारखे दिसले असं आबा म्हणत. मला ते खरं वाटतं.

मी छापखान्यात येऊन गॅलीवरचं वर्तमानपत्र काढलं आणि ती दोन वाक्यं स्वतःच्या हाताने जुळवली. ती आल्यामुळे पुढची सगळी पानं सरकली, सगळं पुन्हा बांधावं लागलं. आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मी जुळवत होते आणि मला नीट दिसत नव्हतं.

पुस्तकाची बांधणी झाली त्या दिवशी आबा छापखान्यात आले. पहिली प्रत त्यांचीच होती. ती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं.

“कोनती वळ?”

मी पान उघडून त्यांचा अंगठा त्या ओळीवर ठेवला. त्यांनी तो तिथून हलवला नाही.

“वाच.”

मी वाचलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं. मग त्यांनी अंगठा तसाच आत ठेवून पुस्तक मिटलं आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाले, “आखाजीले त्यानी घागर मना घर भरसूत. सुंदरनी बी. तूबी येजो, माय.”