खांब म्हणून नोंदलेला अर्विन

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वीरूनात पाणी साडेतीनशे किलोमीटर लांबून नळीने येतं, आणि ग्लेनिस ट्रेझाइस चाळीस वर्षं त्या गावात प्लंबिंग करत होती. लहानपणी घरातल्या पाचही जणांनी एकाच टबातल्या पाण्यात आंघोळ केली की ते पाणी टोमॅटोंना जायचं. त्यामुळे गरम पाणी येईपर्यंत नळ सोडून उभा राहिलेला माणूस दिसला की ती आधी जाऊन नळ बंद करायची.

गावच्या हॉलची दुरुस्ती निघाली, तेव्हा कौन्सिलने ठरवलं की आधी संगणकात अख्खी इमारत उभी करायची, थेंबाथेंबाचा हिशोब तिथे बसवायचा आणि मगच पाइप कापायचे. एकसष्टाव्या वर्षी ग्लेनिस त्यासाठी कोर्स करून आली. तिला ते फार आवडलं. स्वयंपाकघराच्या गरम पाण्याचा पाइप तिने थेट सहा मीटरांत बसवला आणि नकाशा तपासणीसाठी ॲडलेडला पाठवला.

परत आला तेव्हा पाइप अकरा मीटरांचा झाला होता. मध्ये एक खांब होता, म्हणून तो कोठीच्या मागून फिरवला होता. हॉलमध्ये तर खांबच नव्हता. तिने पडद्यावर तो खांब फिरवून पाहिला. त्याला गुडघे होते.

संगणकातल्या इमारतीसाठी हॉलची लेझरने मोजणी झाली त्या दिवशी हॉलचा म्हातारा राखणदार अर्विन झ्वार स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून झोपला होता.

तिने ॲडलेडच्या इंजिनियर बाईला, स्टाव्रूलाला फोन लावला. "अगं, तो खांब नाही. अर्विन आहे."

"असेल. पण सिस्टीममध्ये तो भार घेणारा म्हणून नोंदलाय. भार घेणारं काहीही काढायचं तर मला जागेवर येऊन तपासावं लागतं."

"भांडी घासताना दर खेपेला दीड लिटर जास्त वाया जाणार, या झोपाळूपायी."

"म्हणून तर येते."

सात तास गाडी हाकत स्टाव्रूला आली. अर्विन इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. तिने फॉर्म काढला.

"भेगा आहेत?"

"गुडघ्यात," अर्विन म्हणाला.

"ओल?"

"अजून तरी नाही."

"सध्या भार किती?"

त्याने बोटातली लग्नाची अंगठी फिरवली. "हिल्डा गेल्यापासून काही नाही."

स्टाव्रूलाने पेन खाली ठेवलं. ग्लेनिसने खिडकीबाहेर बघितलं. मग स्टाव्रूलाने हळूच विचारलं, "तुम्हाला काढलं तर काही कोसळेल?"

"मंगळवारचा चहा. तो दुसऱ्या कुणाला जमत नाही."

खांब रद्द झाला, पाइप सरळ झाला. पण आठवड्याने नवीच भानगड निघाली. खांब पाणी पीत नाही, माणूस पितो. सिस्टीमने अर्विनला रोज पाणी वापरणारा धरलं, आणि बचतीचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली घसरला. कौन्सिलच्या बैठकीत एका सभासदाने गंभीरपणे विचारलं, "ग्लेनिस, तो संडासला घरूनच जाऊन आला तर?"

"तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे," ती म्हणाली. "त्याला लागेल तेव्हा तो जाईल. पाणी मी शोधते."

तीन दिवस ती संगणकातल्या इमारतीत पाइपामागे पाइप धरून फिरली. आग विझवायच्या नळाची दर महिन्याला चाचणी होई आणि नऊशे लिटर पाणी सरळ गटारात जाई. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने ते छतावरचं पावसाचं पाणी साठवायच्या टाकीत वळवलं, तिथून संडासांना. आकडा मर्यादेच्या पार वर गेला.

कौन्सिलने ठराव केला, त्यात अर्विनचे आभार मानले. कशाबद्दल ते लिहिलं नाही. अर्विनने आपलं खांबाचं चित्र छापून मागितलं आणि बहिणीला टपालाने पाठवलं. बहिणीचं उत्तर आलं, की तब्येत सुधारलेली दिसते.

पुढच्या महिन्यात ग्लेनिसला शाळेचं काम मिळालं. मोजणीआधी तिने सगळ्यांना मैदानात काढलं, हेडमास्तरांनाही. एक कुत्रा काही केल्या हलेना. त्याच्याभोवती खडूने रेघ ओढून तिने यंत्रवाल्याला सांगितलं, "हा नाही."