तुळशीरामभाऊंचं हवेवरचं इंजिन

"अबे थांबव त्याले! टॅपेट ढिला आहे तुया, मारून टाकशीन त्याले, थांबव!"

तुळशीरामभाऊ ओसरीतल्या खाटेवरून ओरडत होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने खरोखरच ब्रेक मारला. डॉक्टरने त्यांना बोलायला बंदी केली होती. छातीत श्वास मावत नव्हता, पण दीडशे फुटांवरच्या इंजिनाची खोकल्यासारखी टकटक कानात बरोबर मावत होती. पोऱ्याने इंजिन बंद केलं, हात जोडले, पुन्हा चालू केलं आणि गेला. भाऊ उशीला टेकले. "बाबू, लोकं कान घरी ठेवून गाडी चालवून राह्यले," म्हणाले. वहिनींनी, म्हणजे पार्बताबाईंनी, मला माठातलं पाणी दिलं. माठावर काळपट पत्र्याचं झाकण, त्याला गोल भोक आणि भोकातून ओगराळ्याचा दांडा वर डोकावलेला. या झाकणाची मी दर भेटीत तारीफ करायचो, त्या दिवशीही केली. भाऊ डोळे मिटून हसले... ती आमची शेवटची भेट. तीन आठवड्यांनी भाऊ गेल्याचा फोन आला.

मी लाकूड डेपोतला कारकून. आयुष्यभर सागाच्या लाकडांची जाडी मोजली आणि गोष्टींची जाडी वाढवली. माझ्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीला दोनाने भागावं, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पण तुळशीरामभाऊंच्या गाडीची गोष्ट मी नऊ वर्षं सांगत आलो, त्यात भर घातली ती घातली, एक गोष्ट मात्र गाळली. ती आज सांगायची आहे. भाऊंना सांगायची राहिली, म्हणून इथे लिहितो आहे.

भाऊंचं वर्कशॉप म्हणजे चौकाजवळ चार बल्ल्यांवर टिनाचं छप्पर. आलापल्लीच्या जंगलातून सागाचं लाकूड घेऊन निघणारा प्रत्येक ट्रक कधी ना कधी त्या छपराखाली उभा राहायचाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी राजुऱ्याकडून एक गाडी आणली. खाणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यात चिंचेखाली पडली होती, आत कोंबड्या बसत होत्या. साहेबाची जीप भाऊंनी एक अख्खा उन्हाळा सांभाळली होती, त्याच्या बदल्यात ती मिळाली. कासवासारखी गोल, जर्मन घडणीची, इंजिन मागच्या बाजूला आणि सामान पुढे. रेडिएटरच नाही. पंखा वरून हवा मारतो, सिलिंडरच्या पात्यांवरून ती हवा खाली जाते, इंजिन थंड राहतं. चौकातल्या हॉटेलवाल्याने तीनदा गाडीला चक्कर मारली.

"मिस्त्री, पाणी कुठी टाकता हिच्यात?"

"ही पाणी पीत नाई."

"मंग चहा पाजा," हॉटेलवाला म्हणाला आणि कप घेऊन आला.

गाडी आलापल्लीत फिरायला झकास होती. पण भाऊंची सासुरवाडी एटापल्लीच्याही पुढे, आणि त्या वाटेवर नाला ओलांडला की एक चढ लागतो. मी सांगताना तो चढ भिंतीसारखा सरळ असतो. खरं म्हणजे बैलगाडी चढते, पण बैल वर गेल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलत नाहीत. पहिल्याच फेरीला गाडीत पाच माणसं, तांदळाचं पोतं आणि सासूबाईंची मासोळ्यांची टोपली होती. निम्म्या चढावर गाडी थांबली. सगळे उतरले. तळ्यात जाळं ओढून ज्यांचे दंड घट्ट झाले होते त्या साठीच्या सासूबाईंनी पदर खोचला आणि एका खांद्याने गाडी वर नेली. वर गेल्यावर हात झटकून त्या म्हणाल्या, "जवाईबापू, गाडी चांगली आहे तुमची. रिकामी जाते."

एवढंच. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत, एसटीने यायच्या. सासुरवाडीत गाडीचं नाव 'ढकलगाडी' पडलं, आणि वहिनी माहेराहून परत आल्या की दोन दिवस भाऊंशी फक्त भांड्यांच्या आवाजाने बोलायच्या. तिसऱ्या दिवशी भाऊंनी मला चौकात गाठलं. सासूबाईंना ते मामी म्हणायचे. "बाबू, मामीले बसवून तो चढ चढवतो. उतरू देत नाई. नाई चढली तं या चौकात पान्हा धरत नाई." चौकात बोललेलं वाक्य. चार ट्रकमालकांनी ऐकलं. आता ते परत घेता येत नव्हतं.

मग टर्बोचं खूळ सुरू झालं. टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला हॉटेलच्या बाकावर सांगितलं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चकरी फिरते, तिच्याच दांड्यावर दुसरी चकरी असते, ती इंजिनात हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मोठ्या ट्रकांना ते असतं, या कासवाला नव्हतं. पहिला टर्बो त्यांनी एका लाकूडट्रकचा बसवला, लाल भोपळ्याएवढा. तो जागा व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की आलापल्लीत ॲक्सिलरेटर दाबला तर ताकद अहेरीच्या वाटेवर यायची. दुसरा चंद्रपूरच्या भंगारातून आणला, छोट्या टेम्पोचा, नारळाएवढा. तो बसला. पण नुसता बसवून भागत नव्हतं. आत जास्त हवा कोंबली की स्फोट जोरात होतो, पिस्टन फुटतो. म्हणून सिलिंडरच्या बुडाशी घालायला ॲल्युमिनियमच्या बारीक कड्या त्यांनी लेथवर करून घेतल्या, म्हणजे वर जागा वाढेल आणि दाब आटोक्यात राहील. चंद्रपूरला चार चकरा झाल्या. एक कडी केसभर जास्त जाड निघाली तर तीही परत नेली. टर्बोचं तेल परत यायची नळी आधी फारच खालच्या पातळीवर बसली होती, तेल साचून निळा धूर निघायचा, आणि चौकातल्या डासांनी गाव सोडलं. मग सगळा टर्बो चार बोटं वर उचलला. पेट्रोल घेताना ते तळहातावर थेंब टाकून फुंकायचे. मागे तेलकट डाग राहिला की, "यात रॉकेल आहे, हे माह्या इंजिनाले विष आहे," म्हणत रिकामा डबा घेऊन परत.

हवेचा दाब मोजायला घड्याळ नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र टाकून दिलं होतं, त्याची काटेवाली चकती भाऊंनी डॅशबोर्डवर लावली. अडीचशेच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असं खडूने लिहिलं. साडेपाचला डेपो सुटला की मी तिथेच असायचो. पाने द्यायचो, फुकटचा सल्ला द्यायचो. भाऊ पाने घ्यायचे.

फेब्रुवारीत चाचणी झाली. चार पोती धान, भाऊ आणि मी. चढाच्या पायथ्याशी त्यांनी पाय दाबला, मागून चकरीची शिट्टी सुरू झाली, बारीक, मग चढी, आणि बीपीचा काटा दोनशेवर, सव्वादोनशेवर... गाडी वर गेली. थांबली नाही, दम खाल्ला नाही. मी सांगतो तेव्हा दोन्ही बाजूंनी शंभर माकडं रांगेत उभी राहतात. माकडं दोन होती. पण तोंडं दोघांची उघडी होती, हे खरं. वर पोचल्यावर भाऊंनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इतका शांत माणूस मी इंजिनासमोर पुन्हा पाहिला नाही.

आता ते गाळलेलं सांगतो. एप्रिल महिना होता. सासूबाई डोळे दाखवायला आलापल्लीला आल्या होत्या, आणि त्यांना परत पोचवायला भाऊंनी हट्टाने गाडी काढली. चौक जमला होता, ट्रकमालक होते. भाऊ नवा सदरा घालायला घरात गेले. ऊन असं होतं की हॉटेलवाल्याने भट्टी न पेटवता भजी तळली असं मी म्हणतो, पण ऊन होतं खरं. मी मागचं झाकण उघडून इंजिन पाहिलं. सगळीकडून काळ्या पत्र्यांनी वेढलेलं. मला त्याची दया आली. हवेवर चालणारं इंजिन, आणि याला हवाच नाही... कडेचा एक पत्रा दोन-चार स्क्रूंवर होता. तो मी काढला, मागच्या बेशरमाच्या झुडपात फेकला आणि झाकण लावलं. आपण गाडीला खिडकी उघडून दिली, असं मला वाटलं. अगदी चांगल्या मनाने.

तो पत्रा शोभेचा नव्हता. इंजिनाखालची तापलेली हवा खालीच राहावी, वर पंख्यात येऊ नये, म्हणून ती भिंत असते. मी भिंतीला भोक पाडलं, आणि इंजिन आपलाच उष्ण श्वास पुन्हा पुन्हा गिळत गेलं. नाला ओलांडला. सासूबाई पुढे, मांडीवर टोपली, मी मागच्या सीटवर. शिट्टी वाजली, काटा चढला, निम्मा चढ मागे पडला. सासूबाईंनी दाराची मूठ सोडली, मला दिसलं... आणि मागून असा आवाज आला की टोपलीतल्या वाळल्या मासोळ्याही हलल्या. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन जळून भोक पडलं होतं. या इंजिनात तिसऱ्याला आधीच हवा कमी पोचते.

भाऊंनी मागचं झाकण उघडलं. वाकून पाहिलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. झाकण लावलं आणि सासूबाईंकडे वळून ते म्हणाले, "मामी, माहा हिशोब चुकला. उतरा." सासूबाई उतरल्या, पदर खोचला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. संध्याकाळी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चौकात 'हवा भरून इंजिन फोडणारा मिस्त्री' असं नाव पडलं, तेव्हा तर बोलायलाच हवं होतं. सहा-सात महिने छपराखाली एकही ट्रक आला नाही. भाऊ सायकलींचे पंक्चर काढत बसायचे, मी शेजारी बसून त्यांना माकडांच्या गोष्टी सांगायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी गोष्ट दुसरीकडेच निघून जायची. ज्याला पेट्रोलमधलं रॉकेल तळहातावर दिसतं त्याला हा पत्रा गायब झालेला दिसला नसेल, असं मी कसं धरून चाललो, कोण जाणे. धरून चाललो, कारण तसं धरणं सोपं होतं.

पावसाळा संपल्यावर त्यांनी इंजिन पुन्हा बांधलं. या वेळी मला बोलावलं नाही. म्हणाले, "तू डेपो सांभाळ, बाबू." दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन ते एकटेच गेले. चढ चढला. पण सासूबाई वाटेत झोपल्या होत्या. वर पोचल्यावर भाऊंनी त्यांना हलवून उठवलं तर डोळे चोळत त्यांनी विचारलं, "चढ आला का? उतरू?" हे भाऊच सांगायचे आणि खोकला लागेपर्यंत हसायचे. दोन ट्रकमालक त्याच आठवड्यात परत आले, बाकीचे संक्रांतीपर्यंत.

तेरवीनंतर मी वहिनींकडे गेलो. भाऊंना नाही, निदान त्यांना तरी सांगावं म्हणून. माझा आवाज मी पोचायच्या आधी चौकातून घरात पोचतो असं भाऊ म्हणायचे, पण त्या दिवशी मी मुकाट गेलो, दारात उभा राहिलो तेव्हाच वहिनींना कळलं. ओसरीतली खाट उभी करून ठेवली होती. माठावर पितळी ताट होतं. वहिनी उठल्या, ताट काढलं, फळीवरून ते पत्र्याचं झाकण उतरवलं, पदराने पुसून माठावर ठेवलं, भोकातून ओगराळं घातलं आणि मग मला पाणी दिलं.

"वहिनी, ताट होतं ना... हे काऊन बदललं?"

"तुमी आले का हेच ठेवाचं, असं सांगून ठेवलं होतं त्याइनं."

मी पेला हातात धरून झाकणाकडे पाहिलं. काळा रंग पाण्याने उडालेला. कडा कापून गोल केलेली. भोक मात्र कापलेलं नव्हतं, ते मूळचंच, इंजिनाची नळी जायचं. काठावर स्क्रूची खाच तशीच. नऊ वर्षं, दर भेटीत, मी याच्या खालचं पाणी प्यालो होतो. वर तारीफ केली होती.

"वहिनी... हा पत्रा त्या दिवशी मी..."

"मालूम आहे," वहिनी म्हणाल्या. "झुडपातून मीच आणून देल्ला होता. पाणी प्या."