जिभेखालची गोळी

माझा धाकटा भाऊ बेल्ह्याच्या बाजारात टेम्पोतून गुरं न्यायचा. एकदा बिथरलेल्या बैलानं त्याला टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर दाबलं आणि पाठ कायमची दुखरी झाली. दुखण्यावर गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांवरून तो ब्राऊन शुगरवर गेला. त्या नशेपायी त्यानं कुणाच्या तरी विहिरीवरची मोटारीची केबल चोरली. केस झाली, जामीन मिळाला.

पुढं मीच त्याला पुण्याच्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथं जिभेखाली ठेवायची गोळी मिळे. तलफ गेली, तो जेवायला लागला, पुन्हा टेम्पोवर बसला. कोर्टाच्या तारखा मात्र चुकवल्या होत्या, म्हणून वॉरंट निघालं आणि पोलिसांनी त्याला मढच्या घरातून उचलून नेलं.

डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन मी तुरुंगाच्या दारात गेले. दारावरचा शिपाई हसला.

"नशेबाजाला नशेचीच गोळी? ताई, हा तुरुंग हाय, दवाखाना न्हाई."

"त्याच्या बराकीत साखरेच्या पेशंटला इन्सुलिन देता ना? हे पण औषधच आहे."

"ते आजारी हायेत. ह्यो चोर हाय."

भेटीच्या जाळीपलीकडं भाऊ घामानं निथळत होता. "ताई, हाडं कुणी पिळतंय असं वाटतंय," म्हणाला आणि तिथंच ओकला. पहारेकरी म्हणाला, "नाटकं."

दुसऱ्यांदा जामीन झाला तेव्हा तो अर्धा झाला होता. घरचे खूश. काका म्हणाले, "बघा, तुरुंगानं सरळ केला." त्याला बाहेर सोडताना कुणी सावध करणारा एक शब्द सांगितला नव्हता. मी त्याला डिंभ्याला माझ्याकडं आणलं. केंद्रात जायची बस दुसऱ्या दिवशी होती. आणलं त्याच दुपारी तो गोठ्यामागं पडलेला सापडला. ओठ निळे, श्वास घरघरता.

शेजाऱ्यानं जीप काढली. दवाखान्यात सुई दिल्यावर तो श्वास घेऊ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढे दिवस शरीराची सवय तुटली होती. नशा पूर्वीएवढीच घेतली, ती आता विष झाली. तुरुंगात कुणी सांगितलं नाही?"

बरं वाटताच मी त्याला पुन्हा केंद्रात नेलं.

गोळी पुन्हा सुरू केली. पुढच्या तारखेला त्यानं गुन्हा कबूल केला. वकील मला गप्प बसा म्हणत होते, तरी मी उभी राहिले.

"साहेब, चोरी केली, शिक्षा द्या. पण गेल्या खेपेला तुरुंगात ह्यांनी औषध तोडलं आणि बाहेर येताच तो मरता मरता वाचला. मरणाची शिक्षा कोणत्या कलमात आहे?"

न्यायाधीशांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेऊन वाचली. निकालात थोड्या महिन्यांची कैद आणि औषध चालू ठेवायचा हुकूम, दोन्ही आले. तरी पहिल्या दिवशी तुरुंगाच्या दारावर मला पुन्हा भांडावंच लागलं.

शिक्षा संपल्यावर यावेळी भाऊ चालत बाहेर आला आणि माझ्यासोबत थेट केंद्राच्या रांगेत उभा राहिला. आता बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन जातो.

परवा जेवताना म्हणाला, "तुरुंगात माझ्या शेजारी झोपायचा तो मेला. सुटल्यावर घरी पोचलाच न्हाई. त्याच्यासाठी कोर्टात बोलणारं कुणीच नव्हतं."

औषध मिळायला कैद्याला भांडखोर बहीण का लागावी?