मागे सरकत लावलेलं भात

आमच्या घरात चिखल फक्त आईच्या पायांना लागायचा. आषाढ आला की ती बेलवलीच्या पलीकडे दुसऱ्यांच्या शेतांत आवणीला जायची, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायला. परत यायची तेव्हा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या. त्यांवर ती हळद घातलेलं गरम तेल सोडायची आणि दात आवळून बसायची. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर होते, पण कारखाना वर्षातले दोन-तीन महिने बंदच. त्या दिवसांत आमच्याकडे पेज आणि सुकट, सुकट आणि पेज. मी आईचा डबा घेऊन गेलो तरी ती लांबूनच ओरडायची, "बांधावरच थांब! तुझे हात वहीसाठी हायेत."

मी ऐकलं. बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. आईने सर्टिफिकेट साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत तळाशी ठेवलं.

नोकरी मात्र लागत नव्हती. उल्हासनगरच्या एका सिंधी दोस्ताच्या वडिलांचं फर्निचरचं गोडाऊन होतं. तिथे कपाटांच्या मधोमध आमचा रॉक बँड वाजायचा. दोस्त ड्रमवर, मी गिटारवर. "बी.कॉम. होऊन टणाटण वाजवतोय," असं मामा सगळ्यांना सांगत फिरायचा. एका गॅदरिंगला एका दिग्दर्शकाने आम्हाला ऐकलं. त्याच्या मराठी सिनेमात शहरातला बँड सोडून गावी परतणारा पोरगा होता, आणि त्यासाठी त्याला खरोखर गिटार वाजवणारा हवा होता. दोनच सीन. पहिल्यात आजारी बापाच्या शेतात लावणी करायची, दुसऱ्यात बांधावर बसून वाजवायचं. गिटारमुळे मिळालेलं हे माझं पहिलं खरं काम.

दोस्त म्हणाला, "साईं, हीरो बनके हमको भूलना मत. और ये टाइट पैंट घर पे रख, खेत में फटेगी."

शूटिंग बदलापूरच्या बाहेर, बारवीच्या रस्त्याला. युनिटने लावणीसाठी ज्या बाया ठरवल्या त्यांत आई होती. ती माझी आई आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. का नाही, ते माझं मला माहीत आहे.

"कॅमेऱ्याकडे बघत, लावत लावत पुढे ये," दिग्दर्शक म्हणाला. मी रोपांची मूठ डाव्या हातात धरली आणि निघालो. समोर रोप लावायचं, पुढचं पाऊल टाकायचं. पहिला टेक कट. दुसरा कट. रोपं पाण्यावर तरंगत होती. दिग्दर्शक असिस्टंटला म्हणाला, "याला जमत नाही. गावातला कोणी बघा, याचाच शर्ट घाला, हातांचा क्लोज-अप त्याचा घेऊ." पुढे खालच्या आवाजात म्हणाला, "नाहीतर सीनच काढा. गिटारवालाही मग कशाला पाहिजे?"

तिसरा टेक सुरू झाला आणि बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "आरं ए! लावतोस आन् त्याच्यावरच पाय देतोस? पुढं काय चाललास, मागं सरक मागं!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. कॅमेरा थांबवला.

"कोण आहे ही बाई?" दिग्दर्शक भडकला.

मी आधी खाली चिखलाकडे बघितलं. तो क्षण मला अजून टोचतो. मग म्हणालो, "माझी आई."

आई तोवर खाचरात उतरली होती. "सायेब, आवणी कुठं पुढं जात करतात का? हात कशाला दुसऱ्याचे? हायेत ना त्याचे. मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या त्याला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "एवढं शिकवलं तुला, आन् शेवटी चिखलातच आलास."

"तूच म्हणायचीस बांधावर थांब म्हणून."

"मग आता उतरलायस तर नीट उतर. बोटांनी नाही, अंगठा घाल. तरंगतंय ते. त्या तुझ्या बाजाला अंगठा लावत नाहीस का?"

"लावतो. गिटारच्या मानेमागं असतो."

"आता पुढं आण."

तीन-चार काड्या मुठीतून ओढायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे. माझ्या शेजारी ती लावत होती. तिच्या सहा ओळी झाल्या तेव्हा माझी जेमतेम एक. कंबर मोडली, पण दुपारपर्यंत रोपं उभी राहायला लागली. दिग्दर्शक चहाचा ग्लास हातात धरून बघत होता. त्याने कॅमेरा उचलून लावलेल्या रोपांच्या बाजूला ठेवला. आता मी कॅमेऱ्यापासून मागे मागे जात होतो आणि माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये भात वाढत होतं. एका टेकमध्ये झालं. बांधावरचा दुसरा सीन संध्याकाळी केला, तेव्हा नखांतला चिखल मी धुतला नाही.

सिनेमा फार चालला नाही. कल्याणच्या थिएटरात आठवडाभर होता. आम्ही तिघे गेलो. माझा सीन आला तसे वडील सीटवर पुढे सरकले. आई टक लावून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "तिसऱ्या ओळीत एक वाकडं हाय."

नंतर एका शाळेत मला क्लार्कची नोकरी लागली, गिटारही सुटली नाही. त्या वर्षापासून आईने दुसऱ्याच्या शेतात पाय घातला नाही. आणि त्या सिनेमात लावणी करताना दिसतात ते हात माझेच आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत.