उपासाला न चालणारी गोळी

हृदयात स्प्रिंग टाकलेली तीन माणसं रोज एकाच ओट्यावर बसली, की किस्से साचणारच! माझे बाबा आणि त्यांचे दोस्त माणिककाका, गुलाबकाका. तिघांचीही अँजिओप्लास्टी झालेली. ते खिदळतात, धडधडतं मला.

पहिल्यांदा खटकली ती बाबांची गोळ्यांची डबी. सोमवारचा खण भरलेलाच! "रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवली तर स्टेंट बंद पडू शकतो," असं डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. मी किंचाळलेच.

"ओरडतं कायले, मने? श्रावण सोमवार आहे. उपासाले गोळी चालत नाही."

"बाबा, गोळी म्हणजे जेवण आहे का?"

"पोटात जाते ना? मंग!"

माणिककाकांनी तर छातीतलं दुखणं थांबताच गोळ्या सोडल्या. मी समजवायला गेले, तर म्हणाले, "नळ दुरुस्त झाल्यावर प्लंबरले रोज बोलावतं काय पोरी?" बाबांनी टाळी दिली.

गुलाबकाकांचं उलटं. गोळी अलार्म लावून घेतात, पण शेतातल्या मोटरीचं बटण दाबत नाहीत. छातीतलं लोखंड करंट ओढेल म्हणे! बटण दाबायचं काकूंनी.

"स्प्रिंग यांच्या छातीत, आन् शॉक मले!" काकू म्हणाल्या.

मग तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?"

"रोज!" बाबा छातीठोकपणे म्हणाले.

"आणि सोमवारी?" मी.

"सोमवार सोडून रोज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं हृदय सोमवारी सुटी घेतं का?"

बाहेर आल्यावर बाबा गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर नास्तिक दिसते."

नवरात्रात बाबा आणि माणिककाका मेडशीला आत्याकडे गेले. पाचव्या माळेला दुपारी आत्याचा फोन आला, "तुहा बाप यंदा फक्त पाण्यावर आहे वं. काहीच खात नाही."

काहीच नाही? म्हणजे इतके दिवस गोळीही नाही! बाबांना फोन लावला, नुसती रिंग. माणिककाकांचा बंद. आत्याला लावला, तर आता तीही उचलेना! परत बाबा. परत रिंग. परत बाबा.

एकदाचा उचलला. मागे कुणीतरी रडत होतं, गाडी सुरू होत होती.

"बाबा? बाबा, बोला ना!"

"माणिकले गाडीत टाकून वाशीमले नेऊन राह्यले..." बाबांचा आवाज ओळखू येईना. मग अगदी हळू म्हणाले, "मने, ते माही गोळी उपाशीपोटी चालते ना वं?"